शेजाऱ्यांची मोटर

आमच्या शेजारच्या काकांना कुणाचा अन्याय सहन होत नाही. कुणी रांगेत घुसल्याचं नुसतं ऐकलं तरी ते फाटकाशी उभे राहून म्हणतात, "माणसाला थोडी तरी लाज पायजे की."

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी काका थेट नळालाच मोटर लावतात आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिच्यावर पोतं टाकतात. गल्लीच्या टोकाच्या घरांपर्यंत मग पाणी पोचतच नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "सगळेच लावतेत की. आपण एकट्यानं साधू होऊन काय उपयोग?"

परवा टोकाच्या घरातल्या आजी रिकामी घागर घेऊन त्यांच्या दारात आल्या. "अण्णा, आज बी नळ कोरडाच हाय."

काकांनी लगबगीनं घागर भरून दिली. "पाण्याला न्हाई म्हणू नये, आजी. पुण्याचं काम हाय हे."

आजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी मान लववून तो आशीर्वाद घेतला. म्हातारीच्या वाट्याचं पाणी तिलाच दान करताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.