पिकलेलं पाणी

काहीही विचारा, काका आधी टाकीत हात घालायचे, चुळकाभर पाणी तळव्यात घ्यायचे आणि नाकाशी नेऊन हुंगायचे. मग उत्तर. "काका, साहेब इकडे आले होते का?" एवढं विचारलं तरी आधी पाणी हुंगून व्हायचं. कँटीनचा चहासुद्धा ते हुंगायचे, आणि कँटीनवाला भडकायचा.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा चढवतात. त्यातून निघालेलं पिवळं, विषारी पाणी मागच्या अंगाला एका प्लांटमध्ये साफ होतं आणि नाल्यात जातं. काका तो प्लांट चालवायचे. साफ झालेलं पाणी नाल्यात पडण्याआधी काचेच्या एका टाकीतून जायचं आणि त्या टाकीत गोल्डफिश असायचे. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं. तुम्ही कधी एखादा कारखाना बघायला गेला असाल, तर तुम्हालाही असे मासे मोठ्या कौतुकानं दाखवले असतील.

मी खरेदी विभागात आहे. रसायनं, हातमोजे, खराटे जसे मी मागवते, तसे मासेही मीच आणायचे. काका नवीन लागले तेव्हा टाकी रिकामीच होती. मी प्लास्टिकच्या पिशवीतून सहा मासे घेऊन गेले आणि पिशवीची गाठ सोडू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"सहा? ह्या डब्यात?" टाकी जेमतेम दोन फुटांची होती. "ताई, शेअर रिक्षात सहा जन कोंबून बसता ना तुमी? पन तुमी उतरून जाता. ह्यांनी कुठं उतरायचं?"

मासे मी मुकाट्यानं परत नेले. मग काकांनी मागण्यांची यादी सांगितली: चार फुटांची टाकी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, उन्हासाठी हिरवी जाळी. ते सगळं आलं, तरी मासे नाहीतच. महिनाभर नुसते बुडबुडे.

"पानी पिकू द्या," काका म्हणायचे. ते मूळचे निफाडकडचे. "कच्चं द्राक्ष तोडता का? मंग कच्च्या पान्यात मासा का सोडता?"

पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आधी वाढावे लागतात, माशांची घाण तेच पचवतात, हे मला पुढे कळलं. आमच्या मॅनेजरसाहेबांना ते कधीच कळलं नाही. "मॅडम, मी शोभेला मासे मागितले होते," ते म्हणाले. "हे तर बाग लावून बसलेत."

शेवटी चार मासे आले. पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्यांना चपातीचे तुकडे टाकायच्या. काकांनी खडूनं पाटी लिहिली, 'मासे जेवले आहेत. तुम्ही जेवा.' शनिवारी आमच्याकडे वीज नसते म्हणून कारखाना बंद. तरी काका सायकलवरून यायचे आणि बॅटरीवर पंप चालू आहे ना, ते बघून जायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, धाकट्या भावाच्या घरी राहायचे. मी चेष्टेनं म्हटलं, "काका, माशांना काका म्हणायला शिकवा आता." ते हसले आणि म्हणाले, "शिकतील. पन पानी चांगलं पायजे."

एकदा मी न राहवून विचारलं, चार माशांसाठी एवढं कशाला? ओंजळ नाकाशी गेली. बराच वेळ तिथंच राहिली.

"हे पानी पुढं नाल्यानं जातं. नाल्याच्या कडंला माझ्या भावजयीची कोथिंबीर हाय. ती मोटर लावून तेच पानी घेते. तिच्याकडं मासे नायत. म्हनून हितंच बघाय लागतं."

मग आमचं काम वाढलं. वर्षभरात दुप्पट माल निघू लागला, प्लांट मात्र तेवढाच राहिला. मासे वर येऊन तोंड उघडू लागले आणि आठवड्याभरात चारही गेले. काकांनी ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. "प्लांट वाढवा साहेब. ह्यांनी सांगितलंय."

साहेबांनी सांगितलं ते निराळंच. गुरुवारी मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. प्लांटचं पाणी टाकीतून नेऊ नका, बाजूनं परस्पर नाल्यात सोडा. टाकीत नळाचं पाणी भरा. नवे मासे आणा. प्लांटचं पुढच्या वर्षी बघू.

"मेलेले मासे खरं बोलले," काका म्हणाले. "नव्यांना खोटं बोलायला लावू नका. मी हात लावनार नाय."

मासे आणायला मला सांगितलं होतं. मी आणले. आपण बरं की आपलं काम बरं, अशी माझी नोकरीतली सगळी वर्षं गेली, त्यातलाच तोही एक दिवस. गुरुवारी सकाळी सफाईच्या माणसांनी टाकी ब्लीचिंग पावडरनं लख्ख घासली, फिल्टरसकट. वर नळाचं ताजं पाणी भरलं. काका लांब एका पिंपावर बसून बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून आठ मासे पाण्यात सोडले.

पंधरा मिनिटांत आठही वर आले. तोंडं उघडी, कल्ले लालभडक. एक तर आडवाच झाला. पाहुणे वर साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेत होते.

"काका, मरतायत ते!"

"क्लोरीन हाय त्यात," ते जागचे हलले नाहीत. "मरू द्या. मेले तर तो पाव्हना विचारंल तरी, का मेले म्हनून."

त्यांचं खरं होतं. मेलेल्या माशांसमोर साहेबांना उत्तर द्यावं लागलं असतं, प्लांट दाखवावा लागला असता. ते मलाही कळत होतं. आम्ही दोघं तसेच बघत राहिलो. मी आजवर कधी मरणाऱ्या जिवापुढे अशी हात बांधून उभी राहिले नव्हते. दुसरा मासा आडवा झाला तेव्हा काका उठले. "ह्यांचा काय गुन्हा?" असं काहीतरी पुटपुटत त्यांनी कपाटातून हायपोची बाटली काढली, मगभर पाण्यात खडे विरघळवले आणि टाकीत ओतले. हायपो क्लोरीन मारतं. आडव्या माशांना तळव्यावर धरून ते बुडबुड्यांपाशी उभे राहिले. कोपरापर्यंत शर्ट भिजला होता. हळूहळू मासे सरळ झाले, खाली गेले, फिरू लागले.

पाहुणे आले तेव्हा आठही मासे मजेत पोहत होते. फोटो निघाले. मोठ्या पाहुण्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "बहुत बढ़िया रखा है आपने." त्यांच्याच बुटांखाली, गटारावरच्या लोखंडी जाळीच्या खालून, पिवळं पाणी नाल्याकडे चाललं होतं. मला ते दिसत होतं. काका बोलतील असं मला वाटलं, आणि काकांना बहुतेक वाटलं असेल की मी बोलेन. साहेब सगळ्यांना जेवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत. कंत्राटी माणूस, कुणी शोधायलाही गेलं नाही. दोन आठवड्यांनी मी त्यांच्या भावाच्या घरी गेले. नाल्याकडेच्या वाफ्यात एक काडी उभी नव्हती. भावजय दारातूनच म्हणाली, "भाऊजींनी समदी कोथिंबीर उपटली, बाई. इकू बी देत न्हाईत, लावू बी देत न्हाईत. आमी खायाचं काय?" भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. काका बांधावर एकटे बसले होते.

मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "मासे?"

"जगले काका. आठही."

"मेले असते तर बरं झालं असतं," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडले. मीही रडले, पण मला माझीच लाज वाटत होती. मासे मी आणले होते, मी सोडले होते आणि पाहुण्यांसमोर मी गप्प बसले होते. हे मी त्यांना सांगितलं.

मी निघाले, नाल्यावरच्या फरशी-पुलापर्यंत आले, तेव्हा मागून हाक आली.

"ताई! पानी समदं बदलू नका हां. आठवड्याला चौथाईच. नळाचं आदल्या दिवशी भरून ठेवा, मंग घाला."

त्यानंतर काका मला दिसले नाहीत. निफाडकडे कुणाच्या तरी बागेवर राखणीला राहिलेत, एवढं ऐकलं. भावजयीनं पुन्हा कोथिंबीर लावली आहे.

आमचा प्लांट अजून तेवढाच आहे, त्याचं पाणी बाजूनंच नाल्यात जातं. मी शुक्रवारी पाणी भरून ठेवते आणि शनिवारी, कारखाना बंद असताना, येऊन चौथाई बदलते. आठही मासे चांगले तळहाताएवढे झालेत. पाहुणे त्यांचे फोटो काढतात.