पाच सुताची गोटी

नगरजवळ भिंगारला लष्करी कँपाच्या लिलावात दुरुस्तीची जुनी हत्यारं ढिगानं विकायला काढत, आणि त्या ढिगांपायी आम्ही ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री लोक एकमेकांच्या जिवावर उठायचो. चार-पाच जणांनी मिळून ढीग घ्यायचा आणि नंतर वाटणीवरून डोकी फोडायची, हा आमचा रिवाजच होता. माझा पुढचा दात तिथंच पडला. ज्यानं पाडला त्याच्या कानाचा मी लचका तोडला होता, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मला वेड गोटीपान्यांचं. नटावर टोपीसारखी बसते ती गोटी; तिला दांडा लावून नट फिरवायचा. बाकीचे मिळेल ती गोटी वापरत. मला एकाच घडणीचा पुरा संच लागायचा. गोटी रॉकेलच्या फडक्यानं पुसली की मी सांगायचो, ही विलायती, ही अमेरिकन, ही इथंच कुणीतरी ठोकलेली. अंगावर बाणाची खूण असली तर लष्कराची. नवख्याला मी एकच दटावून सांगायचो: वरची अक्षरं नंतर वाच, आधी आत बघ, कोपरे सहा आहेत का बारा ते मोज. पार बेलापूरहून लोक माझ्याकडे गोट्या ओळखून घ्यायला येत. त्यानं मी चांगलाच शेफारलो होतो.

सहा कोपऱ्यांच्या अकरा गोट्यांचा एक विलायती संच जमवायला मला सहा वर्षं लागली. एकाहत्तरच्या लढाईच्या पुढच्या वर्षी त्यातली पाच सुताची गोटी नाहीशी झाली; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी शेड उलथीपालथी केली. घरी आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर फेकलं. बायको दोन दिवस बोलली नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये गेलो. तिथला मिस्त्री माझा पंधरा वर्षांचा दोस्त. ढीग आम्ही जोडीनं घ्यायचो, त्याची बायको मला भावजी म्हणायची. तो एक नट खोलत होता आणि त्याच्या हातात पाच सुताची विलायती गोटी होती. बाण होता तिथं ग्राइंडरनं नुकतंच घासलेलं. तसे माझ्याखेरीज सगळेच बाण घासत. लष्कराचा माल म्हणून पोलीस धरतील ही भीती, आणि लिलावाची पावती कोण जपून ठेवणार? हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या वेळी मला फक्त ती घासल्याची चकाकी दिसली.

"माझी हाय ती," मी म्हणालो.

"आरं, येडा का खुळा तू? मागच्या ढिगातली हाय. तूच तर हुतास संगं."

"मग बाण का घासला?"

"समदेच घासत्यात की. आत बघ ना जरा."

गोटी तळहातावर ठेवून त्यानं हात माझ्यापुढं केला. मी त्याच हातावर टॉमी घातली, गोट्या फिरवायचा हातभर लोखंडी दांडा. तो खाली बसला, तरी त्यानं मूठ सोडली नाही. म्हणून मी त्याची मूठ जमिनीवर दाबली आणि बोटांवर आणखी तीनदा घातली. हाडं मोडल्याचं ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चौघांनी मला ओढून बाहेर काढलं तेव्हा गोटी माझ्या खिशात होती. घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

त्यानं दवाखान्यात सांगितलं, हातावर इंजिन पडलं. पोलिसांत गेला नाही. चोर आहे म्हणूनच गप्प बसला, असं मी चारचौघांत म्हणत राहिलो. गोटी संचात ठेवताना मी आत बघितलंसुद्धा नाही.

दीड महिन्यानं बेलापूरचा एक ट्रक आला. त्याचे पाट्याचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, नट मीच आवळले होते.

"मिस्त्री, तुमचा दागिना नटालाच बसून ऱ्हायला हुता," ड्रायव्हर हसत म्हणाला. "पाटा तुटला तवा घावला."

मातीनं भरलेली गोटी त्यानं माझ्या हातात दिली. मी पुसली. बाण होता. आत सहा कोपरे. संचातली काढून बघितली, तिला बारा. मी तीनदा मोजले.

ड्रायव्हर निघून गेला. कुणालाच काही कळलं नव्हतं. दोन्ही गोट्या विहिरीत टाकाव्यात असंही मनात आलं. ते मनात आलं याचीच जास्त लाज वाटली, आणि दुपारी मी त्याच्या घरी गेलो.

प्लॅस्टर काढलं होतं. तो जेवत होता, म्हणजे वहिनी त्याला भरवत होती. उजव्या हाताची बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती, आणि डाव्या हातानं जेवायला तो तयार नव्हता. मी दोन्ही गोट्या त्याच्यापुढं ठेवल्या.

"माझी नटावरच ऱ्हायली हुती. चुकलो मी. मार मला."

त्यानं डाव्या हातानं एकेक गोटी उचलून आत बघितलं. मग तो उठला आणि उजवा हात उगारला. मूठ वळेना, पंजाही उघडेना.

"न्हाई जमत," तो म्हणाला आणि खाली बसला.

वहिनी उठली. आमटीनं भरलेल्या हातानं तिनं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी दाराच्या चौकटीवर आपटलो.

"ह्यो फटका ह्यांचा," ती म्हणाली. "माझा अजून ऱ्हायलाय."

मग ती परत बसली, भाकरी कुस्करली आणि पुढचा घास त्याच्या तोंडात दिला. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. त्याचं जेवण होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.