उभं राहता येईल असा तंबू

रविवारी दुपारी दुकानात आम्ही तिघंच होतो: मी, माझी बायको सुनंदा आणि दुकानदार. तंबूची किंमत बावीस हजार, भाड्याने दिवसाला आठशे. सुनंदाचे उपचार डॉक्टरांनी थांबवले आहेत. "आता यांना हवं ते करा," ते मला म्हणाले. तिला तळ्याकाठी दोन रात्री राहायचं आहे, पण थाटात. म्हणून जाड गादी, आरामखुर्ची, आणि वाकता येत नाही म्हणून उभं राहता येईल असा तंबू.

दुकानदाराने तो दुकानातच उभारून दाखवला. आत जाताना सुनंदाने दाराशी चपला काढून नीट जोडून ठेवल्या.

"काकू, चपला पायातच राहू द्या."

"घरात कोणी चपला घालून जातं का?"

मी त्या चपलांकडे पाहत राहिलो. आमच्या भिंतींसाठी वीस वर्षं हप्ते भरले. इथे कापडाच्या दारापुढे चपला निघाल्या आणि घर झालं. कोणीतरी आत आहे, एवढ्यावरच घर होत असावं. ते माणूस नसलं की भिंती तेवढ्या उरत असतील.

"पाच वर्षांची गॅरंटी आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे माझ्यापेक्षा टिकाऊ," सुनंदा आतून हसली. "अहो, भाड्यानेच घ्या. दोन रात्रींसाठी बावीस हजार कशाला?"

हिशेब तिचाच बरोबर होता. पण भाड्याचा तंबू तिसऱ्या दिवशी परत द्यावा लागतो, आणि तिने ज्याला घर म्हटलं ते मला परत द्यायचं नव्हतं. मी पूर्ण बावीस हजार दुकानदाराला दिले.