आदामानं चोखलेले आंबे

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला मी साप झाले, ते माझ्या सासूबाईंमुळे.

पाळकसाहेबांना यंदा मोह या विषयावर उपदेशाऐवजी नाटुकलं हवं होतं. मे महिन्यातल्या उपदेशात माणसं डुलक्या घेतात, असं ते स्वतःच म्हणाले. एदेन बाग, आदाम, हव्वा, साप आणि देवाचा आवाज, बस. आवाज ते स्वतः वेदीमागच्या खोलीतून माईकवर देणार होते. अडचण आदाम-हव्वेची. तरुण पोरापोरींना घेतलं तर गावभर चर्चा, म्हणून लग्नाचं जोडपं हवं. आणि सभेला आलेली लग्नाची जोडपी एकमेकांकडे बघून नको म्हणत होती. तेव्हा सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आम्ही करतो. साप आमची सून करेल."

शेजारी डुलकी घेत बसलेल्या पप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आपण काय करणार आहोत ते घरी गेल्यावर कळलं.

आई, म्हणजे सासूबाई, नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण नर्सपणा निवृत्त झाला नाही. पप्पा मूळचे मंद्रूप गावचे. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून काढली, तरी बोली काही बदलली नाही. पप्पांना साखर आहे, आणि ती साखर आईंच्या ताब्यात आहे. लग्नाच्या पंगतीत पप्पांनी जिलबीकडे नुसतं पाहिलं तरी आई लांबून खाकरतात.

त्यामुळे हव्वेनं आपल्या हातानं आदामाला फळ द्यायचं, या एका गोष्टीवर पप्पा भलतेच खूश झाले.

"आंबाच पायजे," ते म्हणाले. "केशर."

"शास्त्रात फळाचं नाव दिलेलं नाही," आई म्हणाल्या. "मी काकडी देणार."

"काकडीसाठी देवाची बाग कोण सोडंल?"

आईंनी मग जांभूळ सुचवलं, ते साखरेला चांगलं असतं म्हणून. पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले की जांभूळ मागच्या बाकांवरून दिसणार नाही. मोह दिसायला हवा. शेवटी असं ठरलं की झाडाला आंबेच लावायचे, पण पप्पांनी चावल्यासारखं करायचं, चावायचं नाही. पप्पा "व्हय की" म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच कबूल होत नाहीत, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तालीम आमच्या घरच्या हॉलमध्ये व्हायची. सुनेनं सासूच्या कानाशी जाऊन "खा, काही होत नाही" असं कुजबुजायचं, हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. पहिल्याच दिवशी आई मला म्हणाल्या, "अशानं मी मोहात पडणार नाही. जरा मनापासून बोल." मी मनापासून बोलले, तर म्हणाल्या, "हे तुला फारच जमतंय."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. दुपारीच आम्ही चर्चमध्ये गेलो. कुंडीत अशोकाच्या फांद्या रोवून झाड केलं होतं. आईंनी देठाला दोरे बांधून त्याला आंबे लटकवले आणि पप्पांना बजावलं, "इथं बसा, पंख्याखाली. काहीही करा, पण झाडाला हात लावायचा नाही." मग त्या साडीवर पानांची माळ चढवायला आत गेल्या. मी त्यांच्यामागून गेले, कारण मला हिरव्या सोलापुरी चादरीत गुंडाळून घ्यायचं होतं. चादरीवर मोर होते. सापावर मोर कसे, असं मी विचारलं, तर हिरव्यात दुसरी मिळाली नाही, असं उत्तर आलं.

म्हणजे पप्पा आणि ते झाड, दोघंच वेदीसमोर राहिले.

नाटक सुरू झालं तेव्हा चर्च भरलं होतं. पांढऱ्या सदऱ्यावर पानं लावलेल्या पप्पांनी जनावरांना नावं ठेवली. त्यातली दोन-तीन नावं मंद्रूपच्या भाऊबंदांची होती, लोक हसले. मग मी चादरीतून घाम गाळत सरपटत आले आणि आईंच्या कानाशी कुजबुजले. आईंनी सुरेख विचार केल्यासारखं केलं, आभाळाकडे पाहिलं, आणि हात वर करून आंबा तोडला.

त्यांचा हात थबकला. नंतर त्यांनी सांगितलं की आंबा अगदीच हलका लागला. पण नाटक चालू होतं, म्हणून त्यांनी तो चावला.

आंब्यातून फुस्स करून हवा निघाली.

पहिल्या बाकावरही ती ऐकू गेली. आईंच्या हातात नुसती साल आणि आतली कोय लोंबत होती. त्यांनी दुसरा आंबा दाबून पाहिला, मग तिसरा. सगळे आतून चोखलेले आणि फुंकर मारून परत फुगवलेले होते. देठाशी एवढंसं भोक होतं. असलं नाजूक काम एखाद्या सर्जनलाही जमलं नसतं.

आईंनी आदामाकडे पाहिलं. आदाम छताच्या पंख्याकडे पाहत होता.

आतल्या खोलीत पाळकसाहेबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ठरल्याप्रमाणे माईक खरखरला आणि देवाचा आवाज आला, "आदामा, तू कुठे आहेस? मना केलेलं फळ तू खाल्लंस काय?"

इथं पप्पांनी आईंकडे बोट करून म्हणायचं होतं की, या बाईनं मला दिलं. तालमीत हे वाक्य ते फार रंगून म्हणायचे. आता त्यांनी बोट उचललं आणि खाली घेतलं.

"खाल्लं, देवा," ते म्हणाले. "तिनं दिलं न्हाय. ती लई वर्सं झाली, नकोच म्हनतीय. मीच खाल्लं."

माईक नुसता गुणगुणत राहिला. आदामानं आरोप ढकलायचा, हव्वेनं पुढं ढकलायचा, मग सगळ्यांना शिक्षा, असा सगळा धडा होता. आदामानंच कबूल केल्यावर पुढं काय, ते शास्त्रात नाही. शेवटी पाळकसाहेबांनी घाईघाईनं विचारलं, "आणि हव्वे, तू?"

हव्वेनं माझ्याकडे बोट करायचं होतं. तिनं नर्सच्या आवाजात आदामाला विचारलं, "किती खाल्ले?"

"झाडावर व्हते तेवढे."

मग जो हशा पिकला त्यात देवाची शिक्षा कुणाला ऐकूच गेली नाही. आई पप्पांचं मनगट धरून त्यांना बागेबाहेर घेऊन गेल्या, ते थेट मागच्या व्हरांड्यात, जिथं त्यांची पर्स आणि पर्समधलं साखर मोजायचं यंत्र होतं. मी एकटीच स्टेजवर. सापाला या गोष्टीत कुणी काही विचारत नाही. मी मोरांसकट तशीच उभी राहिले.

पाळकसाहेब बाहेर आले, झाडावरचा एक फुगवलेला आंबा दाबून पाहिला, घाम पुसला. "मी बोलायचं ठरवलं होतं ते आता राहू द्या," ते म्हणाले. "एवढंच सांगतो. आंबा खाणं सोपं असतं. त्यात हवा भरून परत टांगण्यात आपला सगळा जन्म जातो." आणि ते खाली बसले. त्या संध्याकाळी कुणी डुलकी घेतली नाही.

यंत्रानं दाखवलेला आकडा आईंनी आम्हाला सांगितला नाही, फक्त रिक्षा बोलवायला सांगितली. सात रस्त्याजवळच्या आमच्या डॉक्टरांकडे निघालो. पप्पांच्या सदऱ्यावर पानं तशीच होती. रिक्षावाले चाचा आरशातून बघत राहिले आणि शेवटी विचारलंच. पप्पांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"हमारे किताब में बी येच किस्सा है," चाचा म्हणाले. "पन हमारे में दोनों फिसले, और दोनोंच माफी मांगे."

"दोघांनी?" आईंनी विचारलं. "मी कशाची माफी मागू?"

"मांग लेने का, मौसी. कुछ ना कुछ तो रहताच."

सिग्नल लाल होता. आईंनी बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं, आणि पप्पांच्या मिशीत वाळलेला रस पुसायला घेतला, जरा जोरातच.