गिटारच्या पोटातली हिरडी

माझ्या बेस गिटारच्या पोटात एक गुलाबी हिरडी आहे. ती मी स्वतः बनवून बसवली आहे. अशी दुसरी गिटार डोंबिवलीत कुणाकडे असेल तर मला आणून दाखवा.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. ठाण्याला, सतरा वर्षं झाली. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे पाठवतात आणि त्यावरून आम्ही कवळी तयार करतो. पेशंट आम्हाला कधी भेटत नाही. कवळी मस्त बसली तर कौतुक डॉक्टरांचं आणि टोचली तर फोन आम्हाला.

घरी मात्र उलटा प्रकार होता. बाबांचे वरचे सगळे दात गेलेले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी कुठूनतरी कवळी करून घेतली होती. ती टोचते म्हणून स्टीलच्या डबीत जाऊन पडली, ती पडलीच. मी जगाच्या कवळ्या करते आणि माझा बाप पोळी वरणात भिजवून खातो, हे मला सहन व्हायचं नाही. मी करून देते म्हटलं की ते म्हणायचे, मला जमतंय असंच. खरी गोष्ट अशी की बाबा कुणाच्याही हातचं काम सहजासहजी मानत नाहीत. त्यांची बेंजो पार्टी आहे. शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत हळद म्हणा, वरात म्हणा, त्यांना बोलावणं असतंच. बेंजोची दुरुस्तीही स्वतःच करतात. ज्याला काम करताना डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्या टोचऱ्या कवळीनंतर तर मुळीच नाही. आणि माझं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मुलगी 'लॅबमध्ये' आहे, एवढंच ते लोकांना सांगायचे.

पार्टीत खालचे सूर माझा चुलतभाऊ कीबोर्डवर डाव्या हाताने द्यायचा. ते मला नेहमी पिचकट वाटायचे. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या बेस गिटारवर मी हात साफ केलेला. म्हटलं, विकतची कशाला, आपणच बनवू. शहाडच्या वखारीतून सागाची फळी आणली, आमच्या बिल्डिंगखालच्या सुताराकडून आकार कापून घेतला. मान तयार मिळाली ती जोडली. पिकअपही तयारच घेतला. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी लोहचुंबकाची आणि तारेच्या गुंडाळीची पट्टी. तारांची थरथर हाच पकडतो आणि स्पीकरकडे धाडतो, त्यामुळे गिटारचा सगळा आवाज याच्या जिवावर असतो. वायरींच्या जोडणीचे सोल्डरचे डाग मीच दिले, ते मला लहानपणी बाबांनी शिकवलेलं. बाबा येता-जाता बघायचे आणि विचारायचे, पोळपाट झाला का तयार.

पोळपाट झाला, पण सुताराने पिकअपची खोबण नको तेवढी खोल कोरली होती. पिकअपला दोन्ही बाजूंना कान असतात, त्यांतून स्क्रू लाकडात जातात. नवख्याला वाटतं स्क्रूने त्याला धरलंय. स्क्रू त्याला फक्त वर येऊ देत नाहीत. तो खाली जाऊ नये म्हणून खालूनच आधार लागतो. त्यात बेस वाजवणारा उजवा अंगठा पिकअपवरच टेकवतो, आणि माझा अंगठा चांगलाच जड आहे. पिकअप दबला की तारांपासून लांब जातो आणि आवाज बसतो.

बाबा म्हणाले, सायकलची ट्यूब काप आणि खाली रबर घाल. मला राग आला. अर्ध्या मिलिमीटरवर ज्यांची भांडणं चालतात त्या धंद्यातली मी, आणि मला ट्यूब कापायला सांगतात. कवळी आम्ही आधी गुलाबी मेणात उभी करतो. त्याच मेणाच्या पट्ट्या मी थरावर थर देऊन खोबणीत बसवल्या. पिकअप अगदी हवा त्या उंचीवर आला. मी तो बाबांना मुद्दाम दोनदा दाखवला.

पहिली वरात टिटवाळ्याच्या पुढे होती. वैशाखाचे दिवस, दुपारी चारची वेळ. गिटार काळ्या पिशवीत घालून टेम्पोत ठेवली होती आणि टेम्पो दोन तास उन्हात उभा होता. पहिली दोन गाणी झकास गेली. तिसऱ्याला माझा अंगठा हळूहळू आत जायला लागला. पिकअप एका बाजूने खाली बसला, कडेने गुलाबी मेण वर आलं आणि आवाज गेला. चुलतभाऊ शेजारून म्हणाला, ताई, गिटारला घाम फुटला. बाबांनी एकदा वळून पाहिलं, भुवईने त्याला खूण केली आणि त्याचा डावा हात पुन्हा कामाला लागला. वरातीतल्या कुणाला काही कळलंही नाही. उरलेला दीड तास मी मुक्या तारांवर बोटं फिरवत चालले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांनी विचारलं.

"लोकांच्या तोंडात पण मेणच ठेवता का तुम्ही?"

"नाही हो बाबा. मेण फक्त आकारापुरतं. शेवटी आम्ही पक्कं करतो."

"मग इथे का नाही केलंस पक्कं?"

मला तो प्रश्न लागला, कारण तो बरोबर होता. सतरा वर्षांत एकही कवळी मी मेणावर सोडलेली नाही. आपल्या घरचं काम म्हणून मी ते अर्ध्यावर सोडलं होतं.

मग मी ते रीतसर करायला घेतलं. दातांचं माप घ्यायची पेस्ट खोबणीत भरून तिचा ठसा घेतला, त्यावरून प्लॅस्टरमध्ये खोबण ओतली आणि तिच्या मापाची गादी कवळीच्याच गुलाबी ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे हिरडीच्या रंगाच्या पक्क्या प्लॅस्टिकमध्ये घडवली. लॅबचे मालक हसले, पण जेवणाच्या सुट्टीत करते म्हटल्यावर हो म्हणाले. नेमका त्याच दिवशी गावच्या एसटीचं रिझर्वेशन करायला बाबा ठाण्यातल्या खोपटच्या डेपोत आले होते. तिथून ते चालत माझ्याकडे आले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना स्टूल दिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

ते तासभर बसले. प्लॅस्टरच्या खोबणीत निळा कागद ठेवून मी गादी दोन्ही टोकांनी आळीपाळीने दाबत होते, जिथे निळा डाग उठेल तेवढंच घासत होते, पुन्हा दाबत होते. मध्येच त्यांनी शेजारच्या ट्रेमधली एक पूर्ण कवळी उचलून उजेडात धरली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि अलगद जागेवर ठेवली. शेवटी मी गादीवर मऊ अस्तराचा थर दिला. नाजूक हिरड्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही कवळीच्या आतून तो देतो. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचं रबर. ते पहिल्यांदा हसले, बोळक्या तोंडाने.

घरी आल्यावर मी गादी खोबणीत बसवून वर पिकअप लावला आणि त्यांनी स्वतः तो दाबून पाहिला. आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. एक बाजू दाबली की दुसरी उचलते का, हे बघत होते. कवळी आम्ही अशीच तपासतो, आणि हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी ते त्या तासाभरात टिपलं होतं. पिकअप जागचा हलला नाही.

पुढची वरात कल्याणला होती. मी गिटार मुद्दाम दोन तास उन्हात ठेवली. चुलतभाऊ म्हणाला, वेड लागलंय हिला. त्या दिवशी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, अंगठ्याचा सगळा भार टाकून, आणि आवाज असा भरीव होता की करवल्यांच्या बांगड्यासुद्धा तालावर आल्या. वरात संपल्यावर दुसऱ्या पार्टीचा एक वादक बाबांपाशी आला आणि ही गिटार कुठून घेतली ते विचारू लागला. मी केबल गुंडाळत होते, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

"घेतली नाही, घरी केलीय. माझी पोरगी दात बनवते. लोकं जेवतात तिच्या हातच्या दातांनी."

मी केबल पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. त्या माणसासमोर डोळे पुसायचे नव्हते. कुठल्याही डॉक्टरने मला आजवर असं म्हटलेलं नाही आणि आता नाही म्हटलं तरी चालेल.

त्या रविवारी सकाळी बाबांनी कपाटातून स्टीलची डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी जुनी कवळी हातात घेतली. ती नुसती बघूनच मला कळलं की ती डुगडुगत असणार.

"एका बाजूने चावलं की दुसरी उठते," ते म्हणाले. "खालून आधार नाहीये तिला."

मी म्हटलं, माप डॉक्टरांनाच घ्यावं लागतं, ते मी घेऊ शकत नाही. त्यावर ते म्हणाले, माप कुणालाही घेऊ दे, बनवायची मात्र तू. आणि ते मऊ अस्तर घाल, गिटारला घातलंस तसं.

आठवड्याभराने डॉक्टरांकडून माप आलं. आमच्याकडे प्रत्येक मापाच्या डबीवर पेशंटचं नाव लिहायला एक पांढरी पट्टी असते. मी त्या पट्टीवर 'बाबा' लिहिलं आणि कामाला लागले.