मोला लुमा आणि माझं तोंड

आमच्या बुएया गावात मला तोंडाळ बाई म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण गावामागच्या फाको या ज्वालामुखी डोंगरावर दोन वर्षं मी जी टकळी चालवली ती स्वभावापायी नव्हती, दिरापायी होती.

लुमा मोनोनो हे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नवरा गेला, दीर राहिले. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात मोला म्हणतात, म्हणून सगळ्या गावाचे ते मोला लुमा. तरुणपणी बापाबरोबर डोंगरात हरणं मारायचे. मग डोंगर राखीव झाला, शिकार बंद झाली, बापाची बंदूक सरकारजमा झाली आणि मोलांच्या छातीवर वाटाड्याचा पितळी बिल्ला आला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, असं लोक तेव्हा म्हणाले. मोलांना त्याचा राग नव्हता. "चोरालाच माहीत असतं कुठलं दार कुरकुरतं," म्हणायचे.

एकतीस वर्षं त्यांनी माणसं वर नेली आणि खाली आणली. दुसऱ्या निवाऱ्यापाशी प्रत्येकाला पहिला घास दगडावर ठेवायला लावायचे. डोंगराचा धनी अर्धा दगड, अर्धा माणूस आहे. त्याच्या अर्ध्या पोटाला तरी भूक लागते ना, असं त्यांचं म्हणणं. कोणी हसलं की तिथेच बसून राहायचे, घास ठेवल्याशिवाय उठायचे नाहीत. ताडीच्या बैठकीत एकच गोष्ट सांगायचे: "एकतीस वर्षांत माझा एकही पाहुणा झोळीतून खाली आला नाही." ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मला वीट आला होता.

मी त्यांच्याबरोबर ओझं वाहायची. पाण्याचा कॅन डोक्यावर, तंबू पाठीला. एकदा निवाऱ्यात त्यांनी किटलीतला चहा कपाऐवजी सरळ माझ्या हातावर ओतला. मी किंचाळले. ते म्हणाले, "हात मध्ये कशाला आणलास?" हात मध्ये नव्हता, कप धरून मी समोर बसले होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळायचं ते कळलं.

लिंबे शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं: डोळ्यामागची नस सुकलीय, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही जाईल.

"वनखात्याच्या ऑफिसात सांगणार तू?" त्यांनी विचारलं.

"मग काय करू? आरती ओवाळू?"

"सांग. घरी पायरीवर बसवा मला, आणि जाता-येता ताटात केळं टाका." मग आवाज खाली आला. "लिमुंगा, माझे पाय बघतात गं. जंगलात मुळं कळतात, माळावर काठीला गवताची कड लागते. फक्त राखेच्या आणि थिजलेल्या लाव्ह्याच्या पट्ट्यात कोणी बोललं पाहिजे. बोलणं तर तुला येतंच."

खाली आल्यावर माझ्या नवऱ्याच्या थडग्याच्या मातीवर हात ठेवून त्यांनी मला कोणाला न सांगण्याची शपथ घातली आणि मी ती घेतली.

तेव्हापासून आमची भांडणं सुरू झाली. मी पुढे चालायची आणि ओरडायची, "मोला, डावीकडे सरा की, सगळी वाट काय तुमच्या बापाची?" ते डावीकडे सरायचे. "उजवीकडे हा दगड बघा, तुमच्या मेव्हण्यासारखा पसरलाय मेला, हलायचं नाव नाही!" त्यावर ते म्हणायचे, "हलत नाही म्हणजे तुझ्या माहेरचाच असणार," आणि दगडाला वळसा घालायचे. मी गप्प असले की वाट सरळ, असं ठरलं होतं. ओझेवाली पोरं पोट धरून हसायची. गावात त्या भांडणांच्या नकला व्हायच्या. "एवढं भांडता तर लग्नच करून टाका," असं म्हातारीकोतारी माणसं तोंडावर म्हणायची.

पहिल्या चार फेऱ्यांत मी सारखी मागे वळून बघायची. पाचवीत बघणं सोडलं. खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. सगळ्या मुलखात पहिला मानला जाणारा वाटाड्या माझ्या जिभेवर चालत होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मजेची मला आज लाज वाटते.

त्या वर्षी मुलखात गडबड होती. बंडखोरांच्या हुकमानं दर सोमवारी सगळं बंद, रस्ते ओस, पाहुणे येईनासे झालेले. जानेवारीत दुआला शहराहून एकट्याच मादाम सोलांज आल्या. फ्रेंच शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरीणबाई. पंचवीस वर्षं फळ्यावर फाको काढला, आता एकदा पायाखाली घालायचाय, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मला त्या लगेच आवडल्या.

आम्ही तिघंच वर गेलो. दुसऱ्या निवाऱ्याच्या वरचा उतार चोरट्या शिकाऱ्यांनी आदल्या दिवशी जाळला होता. सगळा डोंगर काळा, वारा कोरडा, राख नाकातोंडात. त्या राखेतून दोन मैल मोलांशी भांडत मी त्यांना शिखरावर नेलं. मास्तरीणबाई वर पोचल्या आणि रडल्या. मी त्यांना शाबासकी द्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता.

मोलांच्या कानाशी जाऊन मी पुटपुटले, "मला ओरडता येत नाहीये. तुम्ही दोघं इथे थांबा. मी खाली जाऊन वनरक्षकांना घेऊन येते."

"आणून काय सांगणार त्यांना?"

"काहीही सांगेन. पाय मुरगळला म्हणेन."

"माझा पाय? या डोंगरावर?" त्यांना ते खरंच अपमानाचं वाटलं. "तू पुढे चाल. तुझ्या चपला खडीवर वाजतात, त्या मला पुरतात."

"मग हात धरून उतरते."

"बायकोसारखा? बाईंना काय वाटेल!"

त्या वेळी मी हट्ट धरायला हवा होता. मी, जी बाजारात केळीच्या घडावरून तासभर हुज्जत घालते, तिथे गप्प बसले.

पहिला उतार निभावला. चपला वाजत होत्या, मागून काठी टकटकत होती. मग वारा सुटला, चपलांचा आवाज त्यात बुडाला. जिथे गवताची कड असायची तिथे नुसती राख होती, काठीला सगळीकडे सारखंच लागत होतं. एका घळीपाशी वाट उजवीकडे वळते. मी वळले. काठीचा आवाज येईना म्हणून मागे पाहिलं तर मोला सरळ निघाले होते. का नाही निघणार? मी गप्प होते ना.

मी ओरडले. मला वाटलं ओरडले. जवळच्या मास्तरीणबाईंनासुद्धा ऐकू गेलं नाही. मग डोक्यावरचा कॅन फेकला. तो घळीच्या बाजूला गडगडत गेला आणि मोला त्या आवाजाच्या दिशेनं आणखी एक पाऊल पुढे गेले. कड ढासळायला लागली तशी बाईंनी झेप घेऊन त्यांचा सदरा ओढला. मोला मागे पडले आणि बाई खाली गेल्या. लाव्ह्याच्या कपच्यांवरून घरंगळण्याचा आवाज मी अजून ऐकते.

बाईंचा जीव वाचला, पण गुडघ्याखाली पाय मोडला होता. मी धावत जाऊन वनरक्षकांना आणलं. सहा तास झोळी चालली. मोलांनी मागच्या दांड्याला हात लावला होता. या वयात खांदा देतायत म्हणून रक्षक हळहळले. ते खांदा देत नव्हते, दांड्याला धरून चालत होते. 

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. वनखात्याचे एवुने साहेब टेबलामागे, मी खिडकीपाशी, मोला दाराजवळच्या स्टुलावर. साहेबांनी इस्पितळातून आलेलं बाईंचं पत्र वाचून दाखवलं: "माझ्याच चुकीनं मी वाट सोडली, वाटाड्याचा काही दोष नाही."

"सुटलात मोला," साहेब मोकळं हसले. "एकतीस वर्षांत एक अपघात, तोही तुमचा नव्हे. असं करा, शनिवारी शाळेची बारा पोरं येतायत. सध्या दुसरं काही नाही, आणि तुमच्याशिवाय मी ती कोणाच्या हाती देऊ?"

मी मोलांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मनातल्या मनात हात जोडले. ते म्हणाले, "बरं."

मग मी हात वर केला. माझा आवाज अजून आला नव्हता, म्हणून साहेब उठून माझ्यापाशी आले आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. नवऱ्याच्या मातीची शपथ होती. मी ती मोडली.

"त्यांना दिसत नाही साहेब. दोन वर्षं झाली."

"काय?" साहेब म्हणाले. "काय म्हणालीस?"

दाराकडून मोलांचा आवाज आला. "तिला पुन्हा बोलायला लावू नका. घसा बसलाय तिचा."

ते उठले. छातीवरचा बिल्ला काढायला त्यांना वेळ लागला, टाचणी गंजली होती. दोन पावलं पुढे आले, मांडीला टेबल लागलं तसे थांबले आणि रिकाम्या खुर्चीपुढे त्यांनी बिल्ला धरला. साहेब माझ्या शेजारीच उभे होते. ते चवड्यांवर, श्वाससुद्धा न घेता, टेबलाला वळसा घालून गेले आणि हळूच खुर्चीत टेकले.

मोला हात पुढे करून तसेच थांबले होते.

"बसलात साहेब?" ते म्हणाले. "मग घ्या."