नसीमानं निवडलेली पुस्तकं

इम्रानचा फोन आला तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना द्यायच्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालत बसले होते. इम्रान म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, नसीमाचा मुलगा. “काकू, अम्मी गेली,” एवढंच म्हणाला तो. समोर सतरंजीवर पुस्तकं पसरलेली होती... एकूण एक तिनं निवडलेली. पोरांना ती दाखवायला मात्र आता नसीमा नव्हती. या गोष्टीला काही आठवडे होऊन गेले, तरी कर्जतच्या बाजारातून जाताना पाय अजून आपोआप दहिवलीकडे, तिच्या घराकडे वळतात.

आमची ओळख खालापूरला शिक्षकांच्या एका शिबिरात झाली. मी प्राथमिक शाळेत, ती बालवाडीत. मी नियमानं चालणारी, तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पटेल असं वाटलं नव्हतं, पण पटलं. निवृत्तीनंतर एकदा तिच्या पडवीत चहा घेत असताना ती म्हणाली, “सुधा, सुट्टीत ही एवढीएवढीशी पोरं उन्हात फिरतात गं. त्यांना इथं बसवू या ना, चित्रांची पुस्तकं देऊन.” झालं, पुढच्याच एप्रिलपासून सकाळी पोरं जमायला लागली. काही गल्लीतली, काही पोशीरहून मामाकडे सुट्टीला आलेली. कुणाच्या तोंडाला आंब्याचा रस, कुणाच्या हाताला फणसाचा चीक. आमच्या जुन्या पुस्तकांची कित्येक पानं त्या चिकानं एकमेकांना धरून बसलीत.

पुस्तकं आणायला आम्ही दरवर्षी पुण्याला जायचो. मला त्या दिवसाची महिनाभर आधीपासून ओढ लागायची. दुकानात नसीमा सरळ फरशीवर बसकण मारायची आणि पुस्तक उघडलं की पहिल्यांदा मजकुरावर तळहात ठेवायची. “आपल्या पोरांना कुठं वाचता येतंय अजून? त्यांना जे दिसणार ते आधी मला बघू दे.” मी उन्हाळा म्हणून आंब्याची, समुद्राची पुस्तकं काढून ठेवायची, ती परत फळीवर. “आंबे खाऊनच येतात पोरं, परत पुस्तकात कशाला?” शेवटच्या पानावर शिकवण दिलेली पुस्तकं तर तिला मुळीच चालत नसत. म्हणायची, “एवढी गंमत केली आणि शेवटी कुणीतरी छडी घेऊन उभं!” मी भांडायची. दुकानदार आम्हाला पाणी आणून द्यायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. येताना खंडाळ्याच्या घाटात गाडी उतरायला लागली की पिशव्या उघडून ती सगळी पुस्तकं पुन्हा बघायची, जणू मघाशी बघितलीच नव्हती.

एका उन्हाळ्यात मात्र पडवी ओस पडायची वेळ आली. जवळच लहान मुलांसाठी शिकवणी निघाली आणि एकेक पोर तिकडे जाऊ लागलं. दिनेश नावाचा टेंपोवाला, मोहोपाड्याला कंपन्यांत माल पोचवणारा, एका सकाळी आपल्या मुलीला, आरोहीला, न्यायलाच आला. दारातूनच म्हणाला, “बाई, पोरगी रोज हितं येते, पण एक अक्षर वाचत नाय. नुसती चित्रं बघते. काय उपयोग हाय ह्याचा?” मला वाटलं, नसीमा आता तोंड सोडणार. पण ती म्हणाली, “न्या ना. पण तिच्या हातातलं तेवढं संपू द्या. तुम्हीही बसा.” तो अवघडून बसला. त्या पुस्तकात शब्द नव्हतेच. पावसात एसटीच्या थांब्यावर बसलेला एक म्हातारा, गाड्या येतात, जातात, हा काही चढत नाही. दिनेशनं मुलीबरोबर भराभर पानं उलटली आणि म्हणाला, “येडा हाय काय हा? गाडीत बसत का नाय?” आरोही म्हणाली, “पप्पा, तुमी नीट बघितलंच नाय. मागं जा.” तिनं बाकाखाली बोट ठेवलं. तिथं अंधारात कुत्र्याचं एक पिल्लू होतं, म्हाताऱ्याच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलेलं. “तो उठला तर ते जागं होईल ना!” दिनेशनं पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक पानावर ते पिल्लू होतं. मग मान वर न करता त्यानं विचारलं, “बाई, असं दुसरं हाय का?” आरोही त्या वर्षी सुट्टी संपेपर्यंत आली, आणि तिच्यामागून बाकीचीही हळूहळू परत आली.

गेल्या हिवाळ्यात नसीमाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तो आवाज गेला, हे मला अजून खरं वाटत नाही... यंदा मी एकटीच पुण्याला गेले, जरा जास्तच पुस्तकं आणली आणि तिच्या पलंगावर मांडली. ती डाव्या हातानं एकेक जवळ ओढायची किंवा लांब सारायची. माझ्या फार आवडीचं एक तिनं सारलं तेव्हा मी सवयीनं भांडले, “अगं, किती सुंदर रंग आहेत!” तिनं मजकुरावर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मला दिसलं. त्या पुस्तकातल्या मुलीचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच होता, ती हरवली तेव्हाही आणि सापडली तेव्हाही. “बरं बाई, तुझंच खरं,” मी म्हटलं. ती अर्ध्या ओठांनी हसली. ती आमची शेवटची भेट.

यंदा पडवी भरवायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पोरांच्या आयांना तसं कळवलंही. मग इम्राननं निरोप दिला, “काकू, इथली जुनी पुस्तकं तुमच्याकडे घेऊन जा, इथं खराब होतील.” रविवारी रिकाम्या पिशव्या घेऊन तिथं गेले. इम्रानची बायको शबनम खोपोलीला बँकेत आहे. इतकी वर्षं ती आमच्यात कधी बसली नव्हती. ‘मला नाही गोष्ट सांगता येत,’ म्हणून आत निघून जायची. त्या दिवशी ती पडवीत जमिनीवर बसली होती, हाताला कणीक तशीच. शेजारची दोन-तीन पोरं तिला चिकटून बसलेली, आणि तिचे हात भरलेले म्हणून एक चिमुरडी तिच्यासाठी पुस्तक धरून होती.

“पान उलटू?” तिनं विचारलं.

“थांब गं,” शबनम पुढं वाकून म्हणाली, “त्या खिडकीत कोण आहे ते बघू दे मला.”

मी पिशव्या दाराबाहेरच ठेवल्या आणि चपला काढल्या.